आजीची कवळी आणि मोडलेला साचा

आमच्या फर्दापूरच्या घरात देव्हाऱ्याखालच्या फळीवर एक निळी प्लास्टिकची डबी आहे. आजीच्या कवळीची. डबी आहे, कवळी नाही. २००८ च्या उन्हाळ्यात एका लग्नात जेवताना तिने कवळी काढली, कागदी रुमालात गुंडाळली आणि ताटाशेजारी ठेवली. पंगत उठली, वाढप्याने ताटं उचलली, रुमालही गेला. घरातल्या तीन पोरांनी उकिरडा उपसला. मीही त्यात होतो. सापडली नाही.

ती कवळी करायला आजी पाच वेळा जळगावला गेली होती. फर्दापूर तसं हमरस्त्यावर आहे, अजिंठ्याच्या लेण्यांना जाणारे प्रवासी इथेच उतरतात, एसटीची कमी नाही. पण म्हातारं माणूस एकटं कसं पाठवणार? दर वेळी सोबत एक जण, म्हणजे त्या माणसाचा दिवस बुडाला. वडील म्हणाले, "परत करून घेऊ." आजी म्हणाली, "आता पाच चकरा नाही व्हायच्या माझ्याच्यानं." त्यानंतर अकरा वर्षं, शेवटपर्यंत, तिने भाकरी वरणात कुस्करून खाल्ली.

तेव्हा मी शाळेत होतो आणि मला एक अगदी साधा प्रश्न पडला होता. शिंप्याकडे जशी मापाची वही असते, तसं आजीच्या तोंडाचं माप त्या लोकांकडे असेलच ना? मग तेवढ्यावरून दुसरी कवळी का नाही करत? मोठ्यांपैकी कोणी उत्तर दिलं नाही. उत्तर मिळालं ते पीएचडीला लागल्यावर, एका डेंटल मेकॅनिकच्या लॅबमध्ये स्टुलावर बसून. माप नसतं, म्हणाले ते. साचा फोडल्याशिवाय कवळी बाहेरच येत नाही.

आजची पोस्ट या एका वाक्याबद्दल आहे. तुमच्यापैकी बरेच जण 'विषय कसा निवडू' असं विचारता. माझ्यापुरतं सांगतो: मी दंतवैद्य नाही, इतिहासाचा विद्यार्थी आहे, आणि माझा विषय त्या स्टुलावर ठरला. कवळीचा इतिहास बहुतेक ठिकाणी सामानाची यादी म्हणून सांगितला जातो. आधी हस्तिदंत, मग चिनी माती, मग रबर, मग ॲक्रिलिक, आता थ्रीडी प्रिंटर. मला तो निराळा वाचता आला. कवळी म्हणजे एका माणसाच्या तोंडाची उलटी प्रत. मग ती प्रत कशी काढतात, आणि काढून झाल्यावर तिचं काय होतं?

फर्दापूरच्या माणसाला प्रतींची गोष्ट ऐकूनच माहीत असते. मद्रास आर्मीतला रॉबर्ट गिल १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करायला नेमला गेला आणि पुढची कित्येक वर्षं ते काम करत राहिला. त्याच्या बहुतेक मोठ्या प्रती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावलेल्या होत्या. १८६६ च्या आगीत त्या जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या जॉन ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून नव्याने प्रती केल्या. त्यांचाही मोठा भाग १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाला आग लागून गेला. मूळ चित्रं दरम्यान भिंतीवर झिजतच होती. प्रत करायला वर्षं लागतात, जायला एक रात्र पुरते, आणि पुन्हा करायची तर पुन्हा पहिल्यापासून, डोंगर चढून. आजीच्या पाच चकरा मला इथूनच समजायला लागल्या.

आता मागे जाऊ. जुन्या युरोपात कवळी कोरत असत, बहुधा पाणघोड्याच्या दातातून. तो हस्तिदंतापेक्षा कठीण, म्हणून पसंतीचा. पण शेवटी प्राण्याचाच दात. तोंडात राहून तो पिवळा पडायचा, सडायचा, वास मारायचा. माप म्हणजे परकाराने घेतलेली दोनचार अंतरं आणि कारागिराची नजर. कोरलेला तुकडा हिरडीवर ठेवून बघायचा, जिथे टेकतो तिथे खरवडायचा, पुन्हा ठेवायचा. अशी कवळी हिरडीला धरून राहत नसे. म्हणून वरच्या आणि खालच्या कवळीच्या मध्ये स्प्रिंगा बसवत. पिएर फोशार या फ्रेंच शल्यचिकित्सकाच्या १७२८ च्या ग्रंथात अशा स्प्रिंगांची वर्णनं आहेत. तोंड मिटून ठेवायला जोर लागायचा, कारण स्प्रिंग ते सतत उघडायला बघायची.

जॉर्ज वॉशिंग्टनच्या लाकडी दातांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती चूक आहे. १७८९ मध्ये अध्यक्षपदाची शपथ घेताना त्याच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता हे खरं, पण त्याच्या कवळ्यांमध्ये पाणघोड्याचा दात, माणसांचे दात, शिसं, पितळ असं सगळं होतं, लाकूड नव्हतं. लाकडी कवळी खरोखर होती ती जपानमध्ये. वाकायामामधल्या नाकाओका तेई नावाच्या बाईची, १५३८ मध्ये वारलेल्या, वरची लाकडी कवळी अजून जपून ठेवलेली आहे. तिला स्प्रिंग नाही. तिथले कोरक्ये आधी मेणात तोंडाचा आकार घेत, मग लाकूड इतकं नेमकं कोरत की ओल्या टाळ्याला ते चिकटून राही. म्हणजे युरोपात जे अवघड वाटत होतं त्याला वेगळा पदार्थ लागत नव्हता, चांगली प्रत लागत होती. हे उदाहरण मी नेहमी वर ठेवतो, कारण 'नवा पदार्थ आला आणि प्रश्न सुटला' या सरळ गोष्टीला ते आडवं येतं.

इथे एक कबुली. फर्दापूरहून असईचं रणांगण फार लांब नाही. २३ सप्टेंबर १८०३ ला आर्थर वेलस्लीने तिथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढाई केली, आणि जखमींसाठीचं इस्पितळ अजिंठ्याला होतं. हाच वेलस्ली पुढे वेलिंग्टन झाला, १८१५ मध्ये वॉटर्लू जिंकला, आणि त्या रणांगणावरच्या मेलेल्या सैनिकांचे दात उपटून कवळ्यांमध्ये बसवले गेले. 'वॉटर्लू टीथ' हे नावच पडलं. आता सांगा, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं? मी पहिल्या मसुद्यात दोन पानं लिहिली, असईपासून वॉटर्लूपर्यंत दातांचा धागा जोडून. मार्गदर्शकांनी समासात एकच शब्द लिहिला: 'पुरावा?' एक सेनापती दोन्हीकडे होता, एवढंच माझ्याकडे होतं. दोन पानं गेली. घराजवळची जोडणी सापडली की हात शिवशिवतात, तुमचेही शिवशिवतील.

माप घेण्याची पद्धत सुधारली ती जर्मनीत. प्रशियाच्या राजाचा दंतवैद्य फिलिप फाफ याने १७५६ च्या पुस्तकात मेणात माप घेऊन त्यात प्लास्टर ओतायची कृती लिहिली. आज कुठल्याही दवाखान्यात जे चालतं त्याचा सांगाडा तोच आहे: मऊ पदार्थात तोंडाचा खळगा, खळग्यात प्लास्टर, प्लास्टरचा साचा टेबलावर. या क्षणापासून रुग्णाचं तोंड रुग्णाशिवाय लॅबमध्ये जाऊ शकलं. कवळी करणारा आणि रुग्णाला तपासणारा हे दोन वेगळे माणूस असू शकतात, ही शक्यताही इथेच उघडली.

त्याच सुमारास पॅरिसजवळचा एक औषधविक्रेता, अलेक्सी दुशातो, स्वतःच्या हस्तिदंती कवळीच्या वासाला कंटाळला होता. त्याने १७७४ मध्ये चिनी मातीची कवळी करवून घेतली. माती भट्टीत आकसते, त्यामुळे बसणारी कवळी मिळायला बरेच प्रयत्न करावे लागले. निकोला दुबुआ द शेमां या दंतवैद्याने ती कल्पना पुढे नेली आणि नाव कमावलं. अख्खी कवळी मातीची करण्याऐवजी सुटे मातीचे दात करायची पद्धत १८०८ मध्ये जुसेप्पांजेलो फोन्झीने आणली, आणि ती टिकली. दात एका पदार्थाचे, बैठक दुसऱ्याची, ही विभागणी आजही आहे.

मापाच्या पदार्थांवर एक उपकथा सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८५० च्या दशकात लंडनचा चार्ल्स स्टेंट हा दंतवैद्य तोंडाचं माप घ्यायच्या पदार्थाच्या मागे लागला होता. गट्टापर्चा थंड झाल्यावर आकसतो, म्हणून त्याने त्यात चरबीतलं स्टिअरिन वगैरे मिसळून एक लगदा तयार केला. 'स्टेंट्स कंपाउंड'. पहिल्या महायुद्धात डच शल्यचिकित्सक योहानेस एसर याने जखमी चेहऱ्यांवर कातडी बसवताना आधाराला तो लगदा वापरला आणि त्याचं नाव लिहिलं. तिथून आतून आधार देणाऱ्या कुठल्याही वस्तूला स्टेंट म्हणायची रीत पडली. तुमच्या ओळखीत कोणाच्या हृदयात स्टेंट घातला असेल, तर त्या शब्दाचं मूळ एका कवळीवाल्याच्या मापाच्या लगद्यात आहे.

आता या सगळ्या कथेतला मोठा टप्पा. दोन गोष्टी पाठोपाठ आल्या. १८४४ मध्ये चार्ल्स गुडइयरला गंधक घालून रबर पक्कं करायच्या कृतीचं पेटंट मिळालं आणि १८५१ मध्ये त्याचा भाऊ नेल्सन याला कडक रबराचं. आणि १८४६ मध्ये बोस्टनच्या विल्यम मॉर्टनने इथरची भूल जाहीरपणे दाखवली. मॉर्टन स्वतः दंतवैद्य होता. त्याला कवळ्या विकायच्या होत्या, कवळीआधी दातांची मुळं काढावी लागत आणि वेदनेच्या भीतीने गिऱ्हाईक पळत होतं, म्हणून तो भूल शोधत होता. भुलीच्या इतिहासात हा भाग दोन ओळींत उरकतात. कवळीच्या बाजूने बघितलं तर तो मधोमध येतो: दात काढणं सोपं झालं, बोडकी तोंडं वाढली, आणि नेमकं तेव्हाच साच्यात दाबून वाफेवर पक्कं करता येईल असं स्वस्त रबर हातात आलं. व्हल्कनाइट. काळपट लालसर, दिसायला ओबडधोबड, पण हिरडीला नेमकं बसणारं. सोन्याच्या पत्र्यावरची कवळी ज्यांना परवडत नव्हती, त्यांना ही परवडली.

परवडली, पण मालकासकट. जॉन कमिंग्ज या बोस्टनच्या दंतवैद्याला १८६४ मध्ये रबराच्या कवळीचं पेटंट मिळालं. ते 'गुडइयर डेंटल व्हल्कनाइट कंपनी'कडे गेलं. कंपनीचा खजिनदार जोसायाह बेकन गावोगावच्या दंतवैद्यांकडून परवान्याची फी आणि कवळीगणिक रॉयल्टी मागायचा, न देणाऱ्यांवर खटले भरायचा. एक खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि कंपनी जिंकली. १८७९ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका हॉटेलात सॅम्युएल शॅलफंट या दंतवैद्याने बेकनला गोळी घालून मारलं. दोन वर्षांनी पेटंटची मुदत संपली आणि रबराची कवळी मोकळी झाली. पुढे स्कॅनच्या फाइलींबद्दल बोलताना हा बेकन आठवणीत ठेवा.

रबरानंतर सेल्युलॉइड, बेकलाइट असे पदार्थ येऊन गेले. फार टिकले नाहीत. १९३७ मध्ये अमेरिकेत वॉल्टर राइटने पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट, म्हणजे आपण ज्याला नुसतं ॲक्रिलिक म्हणतो, ते कवळीसाठी वापरल्याचे निष्कर्ष मांडले. हिरडीच्या रंगाचं, हलकं, दुरुस्त होणारं. दुसऱ्या महायुद्धानंतर ते जगभर पसरलं. त्याच युद्धाने मापाचा पदार्थही बदलला. समुद्री शेवाळापासूनचा अगर जपानमधून यायचा, तो थांबला. पर्याय म्हणून दुसऱ्या शेवाळातून अल्जिनेट आलं. आज कॉलेजमधली मुलं पहिलं माप ज्या पावडरीत घेतात ती हीच.

आजीची कवळी ॲक्रिलिकची होती. तिच्या पाच चकरांत काय काय झालं असेल ते मी त्या लॅबमध्ये शिकलो. पहिल्या चकरेत अल्जिनेट किंवा कंपाउंडने ढोबळ माप. त्यावरून खास तिच्यासाठी तबक. ते बऱ्याचदा शेलॅकचं, म्हणजे बांगड्यांच्या लाखेच्याच जातीचं. दुसऱ्या चकरेत त्या तबकात बारीक माप, ओठ-गाल-जीभ हलवायला लावून. त्या लगद्याला लवंगेचा वास येतो कारण त्यात लवंगतेलातलं युजेनॉल असतं. आजी सांगायची, "तोंडात मसाला भरल्यावाणी वाटलं." तिसऱ्यात मेणाच्या कडा चावायला देऊन दोन्ही जबड्यांतलं अंतर. चौथ्यात मेणात बसवलेले दात घालून बघणं. पाचव्यात कवळी. नंतर टोचतंय म्हणून जावं लागलं ते वेगळं.

चौथ्या आणि पाचव्या चकरेच्या मध्ये जे घडतं तिथे माझा शाळेतला प्रश्न अडकला होता. मेणात दात बसवलेला साचा पितळी फ्लास्कमध्ये प्लास्टरमध्ये गाडतात. उकळत्या पाण्याने मेण वितळवून टाकतात. मेणाची जागा पोकळ राहते. त्या पोकळीत ॲक्रिलिकची पावडर आणि द्रव मिसळून केलेला गोळा दाबतात. फ्लास्क आवळून काही तास गरम पाण्यात ठेवतात. थंड झाल्यावर फ्लास्क उघडला की कवळी प्लास्टरमध्ये घट्ट रुतलेली असते. मग हातोडी, करवत, छिन्नी. साच्याचे तुकडे बादलीत जातात. म्हणजे फाफच्या पद्धतीने रुग्णाचं तोंड टेबलावर आलं खरं, पण कवळी तयार होताना तेच पहिलं नष्ट होत गेलं. या धंद्यात प्रत वस्तूच्या जन्मातच मरते. त्यात कोणाचा निष्काळजीपणा नाही, कृतीच तशी आहे.

(कुठल्याही संग्रहालयात जुनी कवळी बघायला मिळाली तर परवानगी काढून ती उलटी करून बघा. दातांची बाजू सगळेच बघतात. हिरडीच्या बाजूला टाळ्याच्या वळ्या उमटल्या आहेत की छिन्नीचे ओरखडे, यावरून ती ओतलेली की कोरलेली ते कळतं. पुस्तकात न लिहिलेलं बरंच तिथे असतं.)

आपल्याकडे हे कोण करत होतं? १९२० मध्ये डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यात डेंटल कॉलेज सुरू केलं, पण देशभरातल्या कवळ्या कॉलेजातल्या पदवीवाल्यांनी केल्या नाहीत. शिकाऊ म्हणून राहिलेले, बाजारात खुर्ची टाकलेले, मोठ्या शहरांतले चिनी दंतवैद्य यांनी केल्या. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने त्यांच्यासाठी नोंदवहीत 'भाग ब' ठेवला: पदवी नाही, पण कायद्याआधी किमान पाच वर्षं याच कामावर पोट भरलेलं. त्याच कायद्यात डेंटल मेकॅनिक हा स्वतंत्र वर्ग आहे. तो साचे करतो, दात लावतो, रुग्णाला हात लावत नाही. माझ्या मुलाखती याच लोकांच्या आहेत. कवळीवर नाव दंतवैद्याचं, हात यांचा.

डिजिटलची सुरुवात, तुम्हाला बरं वाटेल, एका प्रबंधातून झाली. फ्रान्सचा फ्रांस्वा ड्युरे याने १९७३ मध्ये लियों इथे सादर केलेल्या प्रबंधाचं नाव 'ऑप्टिकल माप' अशा अर्थाचं होतं. लगदा न वापरता प्रकाशाने दाताचा आकार टिपायचा, ही कल्पना. १९८५ मध्ये झुरिचमध्ये व्हर्नर म्योरमान आणि मार्को ब्रांडेस्टिनी यांच्या यंत्राने रुग्णाच्या खुर्चीशेजारीच सिरॅमिकचं भरण कोरून बसवलं. पण हे एकेका दाताचं काम. दात हा कडक, स्थिर, कडा असलेला. कॅमेऱ्याला तो आवडतो. बोडकी हिरडी ओली, गुळगुळीत, दाबली की हलणारी. अख्खी कवळी संगणकावर करण्याचा प्रयत्न जपानमध्ये माएदा आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मांडला, आणि बाजारात अशा कवळ्या रुळायला २०१० नंतरचं दशक उजाडलं.

आज दोन रस्ते आहेत. एकात कारखान्यात जास्त दाबाखाली आधीच पक्क्या केलेल्या ॲक्रिलिकच्या चकतीतून यंत्र कवळी कोरतं. पदार्थ तोच, ॲक्रिलिक, पण फरक मोठा आहे. लॅबमध्ये पावडर-द्रवाचा गोळा पक्का होताना आकारमानाने सुमारे सहा-सात टक्के आकसतो, थोडा द्रव तसाच मागे राहतो, बारीक छिद्रं पडतात. चकतीचं आकसणं कोरायच्या आधीच होऊन गेलेलं असतं. गंमत बघा, आपण पुन्हा कोरण्यावर आलो, पाणघोड्याच्या दातासारखे. दुसरा रस्ता प्रिंटिंगचा. द्रव रेझिनवर प्रकाश टाकून थरावर थर, एकेक थर मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून पातळ किंवा तेवढाच. नंतर अल्कोहोलने धुणं, पुन्हा प्रकाशात पक्कं करणं. छापलेली कवळी साधारणपणे कोरलेल्या कवळीइतकी मजबूत भरत नाही, पण सामान कमी वाया जातं आणि यंत्र स्वस्त.

मला पदार्थापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते हे: यात साचा फोडावा लागत नाही. काही लॅबमध्ये तर साचा नसतोच, फाइल असते. कवळी बनल्यावरही ती तशीच राहते. फाफच्या १७५६ पासून पहिल्यांदाच तोंडाची प्रत कवळीच्या जन्मात मरत नाही. २००८ मध्ये आजीच्या तोंडाची अशी फाइल असती, तर एक चक्कर, फार तर दोन.

पण आता थोडा ब्रेक लावतो, कारण कंपन्यांच्या जाहिराती वाचून शोधप्रबंध लिहिणारेही मी बघितले आहेत.

एक, तोंडात घालायचा स्कॅनर हिरडीचा स्थिर आकार घेतो. ओठ-गाल हलतात तेव्हा कवळीची कड कुठपर्यंत जावी हे त्याला नीट टिपता येत नाही. म्हणून बऱ्याच ठिकाणी माप अजूनही लगद्यातच घेतात आणि ते माप स्कॅन करतात. लवंगेचा वास गेलेला नाही. चकरा कमी होतात, शून्य होत नाहीत. आपल्याकडे आणखी एक अडचण: गुटखा-सुपारीने ज्यांचं तोंड उघडतच नाही ते रुग्ण. हा आजार सबम्युकस फायब्रोसिस, मुंबईच्या एस. जी. जोशींनी १९५३ मध्ये तो भारतात नोंदवला. अशा तोंडात मापाचं तबक दोन तुकड्यांत घालावं लागतं, आणि स्कॅनरचं टोकही आत जायला जागा लागतेच.

दोन, आणि हे जास्त गंभीर. तोंड बदलतं. दात गेल्यावर जबड्याचं हाड झिजत राहतं. अँत्ये टालग्रेन यांनी पंचवीस वर्षं कवळी वापरणाऱ्यांचा मागोवा घेऊन १९७२ मध्ये दाखवलं की ही झीज थांबत नाही आणि खालच्या जबड्यात ती वरच्याच्या सुमारे चौपट असते. म्हणजे दहा वर्षांपूर्वीची फाइल दहा वर्षांपूर्वीच्या माणसाला बसते. तिच्यावर तारीख पाहिजे. गिल आणि ग्रिफिथ्सच्या ज्या थोड्या प्रती वाचल्या, त्या आजच्या भिंतीशी जुळत नाहीत म्हणून टाकाऊ ठरत नाहीत. भिंत तेव्हा कशी होती ते त्या सांगतात. जुनी फाइल आणि नवी फाइल एकमेकींवर ठेवली की हाड किती गेलं ते दिसतं. हे फोडलेल्या साच्याने कधीच शक्य नव्हतं. पण 'फाइल आहे, आता कायमची चिंता मिटली' असं कोणी म्हणालं तर टालग्रेन दाखवा.

तीन, फाइल कोणाकडे? लॅबकडे, दवाखान्याकडे, की एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर? एसटीएल नावाचा साधा प्रकार १९८० च्या दशकात थ्रीडी प्रिंटिंगबरोबरच आला आणि तो कुठल्याही यंत्राला वाचता येतो. पण काही कंपन्यांची सॉफ्टवेअरं फाइल स्वतःच्याच प्रकारात बांधून ठेवतात; दुसऱ्याकडे न्यायची तर वेगळे पैसे. बेकन आठवला? २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने माणसाला स्वतःच्या माहितीवर काही हक्क दिले आहेत. तोंडाच्या आकाराची फाइल रुग्णाच्या हातात त्याला वापरता येईल अशा प्रकारात द्यायची की नाही, हा प्रश्न कवळीच्या टेबलावर अजून नीट मांडलेला मला दिसत नाही. तुमच्यापैकी कोणी कायद्याकडून आला असाल तर विषय तयार आहे, घ्या.

सरकारी बाजूही बघण्यासारखी आहे. २०१७ च्या एप्रिलमध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांना द्यायच्या वस्तूंत काठी, वॉकर, चष्मा, श्रवणयंत्र यांच्याबरोबर कृत्रिम दातही आहेत. काठी एका उंचीच्या शंभर आणता येतात. कवळी शंभर आणता येत नाही, प्रत्येकीला एक तोंड लागतं आणि तेच तोंड पुन्हा पुन्हा लागतं. शिबिरातून काठी घेऊन घरी येणारा म्हातारा मी पाहिला आहे, कवळी घेऊन येणारा नाही. शिबिरात एकदा माप, पुढच्या शिबिरात कवळी, असं डिजिटल पद्धतीने निदान मांडून तरी बघता येईल. हे माझं मत आहे, निष्कर्ष नाही. प्रबंधात मी ते असंच लिहिलेलं नाही.

गेल्या वर्षी माझ्या आत्याचे उरलेले दात काढले. मिश्रीने हिरड्या आधीच गेल्या होत्या. तिची कवळी शहरातल्या एका ठिकाणी स्कॅन करून केली. लगद्यात माप, मग स्कॅन, मग कोरलेली कवळी. तीन चकरा झाल्या. शेवटच्या दिवशी मी फाइल मागितली. समोरच्यांना आधी कळलंच नाही मी काय मागतोय, कारण पेशंट एक्स-रे मागतात, फाइल कोणी मागत नाही. मग त्यांनी लॅबला फोन लावला आणि तासाभराने दोन एसटीएल फाइली माझ्या पेनड्राइव्हवर आल्या. वरचा जबडा, खालचा जबडा.

पेनड्राइव्हवर पांढरी चिकटपट्टी लावून मी आत्याचं नाव आणि तारीख लिहिली आहे. एक प्रत माझ्याकडे, एक तिच्या लेकीच्या ईमेलवर. पेनड्राइव्ह आजीच्या निळ्या डबीत ठेवला. आत्याने डबी उघडून बघितली आणि विचारलं, पाण्यात नाही ना ठेवायचं हे?